कालाउपापा : संताच्या सावलीतली वस्ती

मोलोकाईवर येणारा परका माणूस बहुधा दोन कारणांनी येतो. एक तर हवाईच्या बाकीच्या बेटांवरची हॉटेले आणि गर्दी त्याला नकोशी झालेली असते, नाहीतर फादर डेमियनचे नाव त्याने कुठेतरी वाचलेले असते. माझे कारण दुसरे. बेट पूर्व-पश्चिम साठेक किलोमीटर लांब, रुंदीला जेमतेम सोळा, आणि वस्ती सात हजारांच्या आसपास. रस्त्यावर वाहतुकीचा एकही सिग्नल नाही आणि माडाहून उंच इमारत नाही, हे इथले लोक अभिमानाने सांगतात. माउईहून येणारी फेरीबोट २०१६ साली बंद पडली, त्यामुळे आता छोटे विमानच काय ते उरले आहे. ते होओलेहुआच्या धावपट्टीवर उतरवते. तिथून उत्तरेकडे चढत जाणारा डांबरी रस्ता पालाआऊच्या सुरूच्या बनात संपतो. सुरू आपल्या कोकण किनाऱ्यावर असतात तेच, वाऱ्यात तसाच आवाज करणारे, फक्त इथे ते डोंगरावर आहेत. बनातून थोडे चालले की जमीन एकाएकी संपते, कठडा लागतो आणि सोळाशे फूट खाली समुद्रात शिरलेला जमिनीचा एक सपाट तुकडा दिसतो. पश्चिमेच्या किनाऱ्याला धरून काही छपरे आणि झाडे, टोकाला १९०९ साली बांधलेले दीपगृह, त्याच्याजवळ छोटी धावपट्टी. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथीकडे आपण उभे असतो तो कडा. पूर्वेकडे हाच कडा हजार मीटरपर्यंत उंच होत जातो. हे कालाउपापा. कुष्ठरुग्णांना कायमचे दूर ठेवण्यासाठी हवाईच्या राजसत्तेने हीच जागा का निवडली, हे समजायला कठड्याशी दोन मिनिटे उभे राहणे पुरते.

राजा पाचवा कामेहामेहा याने जानेवारी १८६५ मध्ये कुष्ठरोगाच्या प्रतिबंधाचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी ६ जानेवारीला पहिले बारा रुग्ण, नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया, या द्वीपकल्पावर उतरवण्यात आले. सक्तीचे विलगीकरण १९६९ साली उठले. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत सुमारे आठ हजार माणसे इथे पाठवली गेली, त्यांतली बहुतेक सगळी मूळ हवाईयन. कठड्याजवळच्या फलकांवर हा इतिहास थोडक्यात दिला आहे. पण मोलोकाईवर फिरताना, पुस्तकांच्या दुकानात, चर्चमध्ये, गावातल्या भिंतीवर जो चेहरा सतत भेटतो तो एकाच माणसाचा : गोल चष्मा, रुंद काठाची काळी हॅट, शेवटच्या दिवसांत सुजलेला चेहरा. बेल्जियमचा योसेफ दे व्हॉयस्टर, धर्मजीवनातले नाव डेमियन. तो १८७३ च्या मे महिन्यात तेहतिसाव्या वर्षी इथे आला, १८८४ च्या अखेरीस त्याला कुष्ठरोगाचे निदान झाले आणि १५ एप्रिल १८८९ ला तो गेला. ११ ऑक्टोबर २००९ ला पोपने त्याला संतपद दिले. परदेशातल्या गरिबांत जाऊन काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कदाचित हेच असेल. म्हणूनच अशा कामाचे मोजमाप कसे करावे, हा प्रश्न इथे जितका टोकदार होतो तितका क्वचितच दुसरीकडे होत असेल. माझे म्हणणे असे आहे की डेमियनचा मोठेपणा त्याच्या मरणात शोधणे ही चूक आहे. तो शोधायचा तर त्याने तिथल्या माणसांच्या मागण्या किती चिवटपणे लावून धरल्या यात शोधावा. आणि त्याचे मरण जगभर गाजल्यामुळे ज्यांच्यासाठी तो झिजला त्यांचे नुकसानही झाले, हे मान्य करण्यात त्याचा अवमान नाही.

रूढ कथा अशी आहे : समुद्रकिनारी टाकून दिलेली, दारू पिऊन पडलेली, कायदा न मानणारी माणसे, आणि त्यांच्यात एके दिवशी उजेड घेऊन आलेला पाद्री. कागदपत्रे काही वेगळे सांगतात. पहिली गोष्ट म्हणजे हे द्वीपकल्प ओसाड नव्हते. शतकानुशतके इथे शेती होत होती. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात इथली रताळी जहाजाने तिकडे जात. पहिले रुग्ण आले तेव्हा या जुन्या रहिवाशांनीच त्यांना मदत केली. त्या रहिवाशांतल्या शेवटच्यांना सरकारने १८९५ मध्ये घरादारांसह हलवले. दुसरी गोष्ट, आलेल्या रुग्णांनी पहिल्याच वर्षात, १८६६ मध्ये, पस्तीस जणांची आपली प्रॉटेस्टंट मंडळी स्थापन केली आणि १८७१ मध्ये सिलोआमा हे चर्च उभे केले. डेमियनच्या येण्याच्या दोन वर्षे आधी. ज्यांना खाऊ घालण्याची नीट सोय सरकारने केलेली नव्हती, ज्यांनी आपले अन्न आपणच पिकवावे अशी आरोग्य मंडळाची अपेक्षा होती, त्यांनी हे केले. हलाखी होतीच. घरे गळकी, पाणी लांबून आणायचे, औषध नाही, डॉक्टर क्वचित. पण हलाखी असणे वेगळे आणि समाजच नसणे वेगळे. सेवेच्या गोष्टींत हा फरक फार सहज पुसला जातो, कारण तो पुसल्याशिवाय सेवकाचा प्रवेश पुरेसा नाट्यमय होत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रुग्णासोबत त्याचा नवरा, बायको, भाऊ, आई यांनी स्वेच्छेने तिथे जाऊन राहण्याची मुभा होती. अशा सोबत्यांना कोकुआ म्हणत. माउईच्या वाइलुकूचे न्यायाधीश राहिलेले जोनाथन नापेला हे त्यांच्यापैकी एक. मॉर्मन पंथातले मोठे नाव. त्या पंथाच्या धर्मग्रंथाचे हवाईयन भाषांतर १८५५ मध्ये छापले गेले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची पत्नी किटी हिला कुष्ठरोग झाला आणि तिच्यासोबत ते कालाउपापाला आले, साल तेच, १८७३. वस्तीच्या कारभारात त्यांनी हात दिला, आपल्या पंथाच्या लोकांना सांभाळले. डेमियनशी त्यांचे जमत असे, धर्ममतांत जमीन-अस्मानाचे अंतर असूनही. पुढे त्यांनाही रोग झाला आणि १८७९ मध्ये, डेमियनच्या दहा वर्षे आधी, ते तिथेच वारले. डेमियनने जे केले ते सगळे, म्हणजे निरोगी असताना आपणहून जाणे, तिथेच राहणे, रोग लागणे, तिथेच मरणे, हे नापेलांनी केले. त्यांच्याखेरीज नावे न उरलेल्या कितीतरी कोकुआंनीही केले. नापेलांच्या पंथाबाहेर आज त्यांना कोण ओळखते? कोणी म्हणेल, नापेला बायकोसाठी गेले आणि डेमियन परक्यांसाठी, म्हणून डेमियनचा त्याग मोठा. या म्हणण्यात तथ्य आहे. परक्यासाठी जाणे अवघडच. पण मग त्यागाच्या मापाने मोजताना आपण नेमके काय मोजतो? युरोपातून आलेल्या माणसाचे आयुष्य तिथल्या माणसाच्या आयुष्यापेक्षा महाग, असे कुठेतरी धरून चाललो तरच एकाच्या मरणाने जग हादरते आणि दुसऱ्याच्या मरणाची नोंदही घेत नाही.

तेव्हा त्याग बाजूला ठेवू आणि काम पाहू. इथे डेमियन खरोखर वेगळा दिसतो. आल्या-आल्या पहिले काही दिवस तो केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याहून बोलकी वाटते ती त्याच्या चर्चमधली जमीन. सेंट फिलोमिना ही इमारत १८७२ मधली, होनोलुलूत तयार करून तुकड्या-तुकड्यांनी इथे आणलेली. डेमियनने ती पुढे वाढवली. रोग वाढलेल्यांच्या तोंडातून लाळ गळायची, थुंकी आवरायची नाही, आणि त्या लाजेने माणसे प्रार्थनेला येईनात. म्हणून त्याने बाकांजवळच्या फळ्यांना चौकोनी भोके पाडली. पानाची सुरळी करून त्यात धरायची आणि तोंडातले खाली सोडायचे. ती भोके अजून आहेत. आत बसलेल्या माणसाला मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी करवत चालवणारा हा सुतार मला वेदीपुढच्या संतापेक्षा जास्त आदरणीय वाटतो. डेमियन शेतकऱ्याचा मुलगा होता, हाताने कुशल, अंगाने धट्टाकट्टा. त्याने घरे बांधली, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या, दरीतले पाणी नळाने वस्तीत आणण्याच्या कामात तो खपला. आणि या सगळ्यासाठी लाकूड, नळ, कपडे, मटण, औषधे मिळावीत म्हणून तो होनोलुलूच्या आरोग्य मंडळाच्या मागे लागला. पत्रांमागून पत्रे, तक्रारींमागून तक्रारी. मंडळ त्याला कंटाळले. त्याचे स्वतःचे धर्मवरिष्ठ फादर लिओनोर आणि बिशप कोकमन हेही कंटाळले. हट्टी, अरेरावी करणारा, कुणाचे न ऐकणारा, अशा शेऱ्यांनी त्यांची पत्रे भरलेली आहेत. आपल्याकडे सरकारी कचेरीत रोज जाऊन बसणाऱ्या, साहेब उठून गेला तरी न हलणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. डेमियन तसला माणूस होता. नापेलांच्या हाती नसलेली एक गोष्ट त्याच्या हाती होती : गोरा युरोपियन पाद्री म्हणून त्याचे पत्र टोपलीत टाकता येत नसे, त्याच्यामागे चर्च होते, भावामार्फत युरोपात छापली जाणारी पत्रे होती. हे बळ त्याने स्वतःसाठी न वापरता नळासाठी आणि लाकडासाठी वापरले. मिशनऱ्याचा खरा उपयोग तो एवढाच, आणि तो लहान नाही.

त्याच्या मागोमाग आलेल्यांकडे पाहिले की त्यागाचे माप आणखी डळमळते. जर्मनीत जन्मलेल्या, न्यूयॉर्क राज्यात वाढलेल्या मदर मेरियन कोप १८८३ मध्ये सिराक्यूजहून सहा भगिनींना घेऊन होनोलुलूत आल्या. पन्नासांहून अधिक मठांनी आणि धर्मसंस्थांनी नकार दिल्यावर त्यांनी होकार दिला होता. १८८८ च्या नोव्हेंबरात त्या कालाउपापाला आल्या, डेमियनच्या अखेरच्या महिन्यांत, आणि १९१८ मध्ये तिथेच वारल्या. तीस वर्षे. हात धुण्याबद्दल आणि स्वच्छतेबद्दल त्यांचा कटाक्ष असे आणि त्यांच्यापैकी एकाही भगिनीला रोग झाला नाही. अमेरिकन यादवी युद्धात लढलेला जोसेफ डटन १८८६ मध्ये आला आणि चव्वेचाळीस वर्षे रुग्णांच्या जखमा धुऊनही निरोगी राहिला. मदर मेरियन यांनाही २०१२ मध्ये संतपद मिळाले, पण जगाच्या आठवणीत त्या डेमियनच्या मागे बऱ्याच अंतरावर आहेत. कारण उघड आहे. त्यांच्या गोष्टीत शेवट नाही, नुसती तीस वर्षे आहेत. परंतु एखाद्या वस्तीला काय हवे असते? हात न धुता जखमा बांधणारा आणि अकरा वर्षांत रोगी होणारा सेवक, की काळजी घेऊन तीस वर्षे टिकणारी परिचारिका? डेमियनने अंतर राखले नाही, एकाच भांड्यातून जेवला, एकच चिलीम ओढली. त्या जवळिकीला अर्थ होता. ज्यांना कुणी शिवत नव्हते त्यांना कुणीतरी शिवले. पण ती जवळीक आणि मेरियन यांची शिस्त यांत दुसरीला कमी लेखण्याचे कारण मला सापडत नाही.

इथे मराठी वाचक हमखास विचारील तो प्रश्न घेऊ : हे सगळे धर्मांतरासाठी नव्हते का? डेमियनपुरते उत्तर जरा गमतीचे आहे. त्याने बाप्तिस्मे दिले, भरपूर दिले, आणि आनंदाने मोजले. पण हवाईत तोवर अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी येऊन पन्नास वर्षे झाली होती, ते १८२० मध्येच आले होते. वस्तीतली बरीच माणसे आधीच ख्रिस्ती होती. डेमियन ओढत होता ती मुख्यतः सिलोआमाच्या आणि मॉर्मनांच्या कळपातली. पंथापंथांतली ही चुरस शेवटी त्याच्या मरणानंतर बाहेर आली. होनोलुलूतले प्रॉटेस्टंट धर्मगुरू चार्ल्स हाइड यांनी एका सहकाऱ्याला खासगी पत्रात लिहिले की डेमियन घाणेरडा, हेकेखोर आणि स्त्रियांच्या बाबतीत सैल होता. पत्र छापले गेले. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियनच्या मृत्यूनंतर महिन्याभराने कालाउपापाला जाऊन आला होता. त्याने फेब्रुवारी १८९० मध्ये सिडनीहून हाइडना उघडे पत्र लिहिले. त्या पत्राची खरी ताकद अशी की डेमियनचा खरखरीतपणा, हट्ट, अस्वच्छता यांतले बरेचसे तो मान्य करतो आणि मग विचारतो की ज्या वेळी डेमियन तिथे होता त्या वेळी तुमची माणसे कुठे होती. चारित्र्यावरचा आरोप मात्र कुठेच सिद्ध झाला नाही. धर्मांतराबद्दल माझे मत सांगायचे तर, सेवेच्या बदल्यात धर्म मागणे मला मान्य नाही, अडचणीतल्या माणसाकडून तर नाहीच. डेमियनने पाणी आणि छप्पर यांना बाप्तिस्म्याची अट घातल्याचे दिसत नाही. तशी अट असती तर नापेलांची आणि त्याची मैत्री टिकली नसती. त्याच्या कामावर सगळ्यात गंभीर आक्षेप मला दुसराच वाटतो, आणि तो कळायला कालाउपापाहून मुंबईला यावे लागते.

डेमियनच्या मृत्यूने इंग्लंड ढवळून निघाले. त्याच वर्षी, १८८९ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्सच्या पुढाकाराने त्याच्या स्मरणार्थ निधी उभा राहिला आणि त्यातून ‘नॅशनल लेप्रसी फंड’ निघाला. पण ज्या बातमीने लोकांना रडवले त्याच बातमीने त्यांना घाबरवलेही. निरोगी, धडधाकट युरोपियन माणसाला रोग लागला, म्हणजे हा संसर्गजन्य आहे आणि वसाहतींतून आपल्याकडे येऊ शकतो! त्याच वर्षी हेन्री राइट या धर्मगुरूने कुष्ठरोगाला साम्राज्यावरचे संकट ठरवणारे पुस्तक काढले. डेमियन फंडाच्या पैशाने १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात आला, गावोगाव फिरला, रुग्ण तपासले आणि म्हणाला की संसर्गाचा धोका अगदी थोडा आहे, सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही. फंडाच्या लंडनमधल्या समितीतल्या बड्या लोकांना हे पटले नाही. १८९७ च्या बर्लिनमधल्या कुष्ठरोग परिषदेने विलगीकरणाच्या बाजूने कौल दिला आणि १८९८ मध्ये हिंदुस्थानात ‘लेपर्स ॲक्ट’ आला. त्याचा रोख होता उघड्यावर भीक मागणाऱ्या निर्धन रुग्णांवर. ऐपत असलेला रुग्ण आपल्या घरी राहू शके. मुंबईत त्याआधीच, १८९० मध्ये, महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांनी रस्त्यांवरचे कुष्ठरुग्ण उचलून माटुंग्याला निवारा उघडला होता. आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. (हेच ॲक्वर्थ मराठी पोवाडे जमवून शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर छापणारे, हेही आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते.) १८९८ चा कायदा पुस्तकातून पुरता निघायला २०१६ साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून रद्द व्हायला २०१९. हे सगळे डेमियनमुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल, भीती जुनीच होती. पण त्याच्या मरणाने त्या भीतीला पुरावा आणि चेहरा दिला. डटन, मेरियन, वर्षानुवर्षे सोबत राहून निरोगी राहिलेले कितीतरी कोकुआ, हा उलटा पुरावा त्याच द्वीपकल्पावर होता. तो कुणाच्या कामाचा नव्हता, कारण न लागलेल्या रोगाची बातमी होत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. कीर्ती नसती तर पैसा आला असता का? नसता. कॅम्बरवेलचे अँग्लिकन पाद्री ह्यू चॅपमन यांनी १८८६ मध्ये पंथभेद विसरून डेमियनसाठी जवळजवळ हजार पौंड जमवले, ते त्याच्याबद्दल वाचूनच. वस्तीतल्या मुलींसाठीचे बिशप होम चार्ल्स बिशप या बँकवाल्याच्या पैशातून उभे राहिले, मुलांसाठीचे बाल्डविन होम साखरसम्राट हेन्री बाल्डविनच्या. दोघेही प्रॉटेस्टंट, आणि घरे चालवणार कॅथलिक. कीर्तीने भिंती पाडल्या हे खरे. पण त्या दानाच्या दुसऱ्या बाजूला हवाईची जमीन होती. मिशनऱ्यांच्या मुलांनी आणि नातवांनी ऊस लावला, आणि त्यांच्याच वर्तुळातल्या मंडळींनी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. ही तीच राणी, जी १८८१ मध्ये कारभार सांभाळत असताना स्वतः कालाउपापाला येऊन रुग्णांना भेटली होती. चार वर्षांनी अमेरिकेत विलीनीकरणाविरुद्ध निवेदन फिरले तेव्हा कालाउपापातल्या शेकडो रुग्णांनी त्यावर सह्या केल्या. पाश्चात्त्य जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या १८७२ च्या शिरगणतीत सुमारे सत्तावन्न हजारांवर आली होती, कॅप्टन कुकच्या वेळी ती निदान काही लाख होती. जे जहाज रोग घेऊन आले त्याच्याच मागून औषध आणि दान आले. घेणाऱ्याने ते घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण सह्या करणारे ते शेकडो हात आठवणीत न ठेवता दानशूरांचे फलक वाचणे मला जमत नाही.

दुसरा आक्षेप असा की औषधच नव्हते तेव्हा विलगीकरणाशिवाय करणार काय? जंतू शोधला गेला तोच १८७३ मध्ये, नॉर्वेच्या बर्गन शहरात, गेर्हार्ड हान्सन यांच्या हातून; डेमियन मोलोकाईला आला त्याच वर्षी. नॉर्वेनेही कायदे केले, १८७७ आणि १८८५ चे. पण तिथे रुग्णाला घरीच स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र भांड्यांनिशी राहण्याची मुभा होती, आणि रुग्णसंख्या १८५० च्या दशकातल्या जवळजवळ तीन हजारांवरून शतकाअखेर काही शेकड्यांवर आली. हान्सन याचे श्रेय कायद्यालाच देत असे, तरी तो कायदा कड्याखाली फेकण्याचा नव्हता. हवाईत राजघराण्यातल्या पीटर काएओलाही पाठवले गेले, म्हणजे कायदा सर्वांना सारखा होता असे सांगतात. काएओला तिथे स्वतःचे घर आणि नोकर होते आणि १८७६ मध्ये त्याला परत जाऊ दिले गेले. बाकीच्यांना नाही. मिशनऱ्यांचा कमकुवत दुवाही इथेच आहे. डेमियनने नळ मागितले, घरे मागितली, भगिनी मागितल्या. माणसांना तिथे डांबून ठेवणारा कायदाच रद्द करा, असे तो म्हणाला नाही. रुग्ण आईबापांच्या मुली होनोलुलूच्या कापिओलानी होममध्ये वाढवल्या जात, आणि त्या घराची देखभाल याच भगिनींकडे होती. पुढे तर कालाउपापात जन्मलेली बाळे आईच्या कुशीतून उचलून नेली जात. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे हे मुलांच्या भल्यासाठी होते. आयांना ते कसे वाटले हे त्यांनी नंतर सांगितले आहे. सेवा यंत्रणेच्या आत राहून करायची तर यंत्रणेचे काही हुकूम पाळावे लागतात. हा व्यवहार प्रत्येक सेवकाला करावाच लागतो, मिशनरी असो वा नसो. तो करताना काय गेले त्याचा हिशेबही मांडायला हवा, एवढेच माझे म्हणणे.

तो हिशेब अखेर रुग्णांनीच मांडला. सल्फोन औषधांचा उपयोग १९४१ मध्ये लुईझियानातल्या कारव्हिलला सिद्ध झाला आणि १९४६ मध्ये ती कालाउपापाला पोचली. कायदा उठेपर्यंत आणखी तेवीस वर्षे गेली! होनोलुलूजवळच्या पर्ल सिटीतले हाले मोहालू रुग्णालय १९७८ मध्ये सरकारने बंद केले तेव्हा बर्नार्ड पुनिकाइआ आणि इतर रुग्णांनी जागा सोडायला नकार दिला. वीज-पाणी तोडले तरी ते राहिले, १९८३ मध्ये अटक करून त्यांना हलवावे लागले. ऑलिव्हिया ब्रेथा यांनी १९८८ मध्ये आपले आयुष्य स्वतःच्या शब्दांत लिहून काढले. डेमियन ज्या हट्टाने लाकूड मागत होता तोच हट्ट हा, पण आता मध्ये कुणी पाद्री नव्हता. १९८० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले तेव्हा रुग्णांना हयातभर तिथेच राहण्याचा हक्क मिळाला, आणि पर्यटकांवरचे नियमही त्यांच्याच आग्रहाने आले : परवान्याशिवाय खाली उतरायचे नाही, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, रहिवाशाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही. कठड्यावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला हे नियम जाचक वाटतात. मला ते या बेटावरची सर्वांत स्वाभिमानी गोष्ट वाटतात. आज तिथले हयात रुग्ण-रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. डेमियन स्वतःसुद्धा आता तिथे नाही. १९३६ मध्ये बेल्जियमने त्याचा देह उकरून लुव्हेनला नेला, ज्यांच्यात तो पुरला गेला होता त्यांना ते आवडले नाही. १९९५ मध्ये त्याचा उजवा हात तेवढा परत आला.

बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कामालोला डेमियनने १८७६ मध्ये बांधलेले सेंट जोसेफ हे चर्च आहे. पांढरे, लाकडी, आत शंभर माणसे दाटीवाटीने बसतील एवढे. बाहेर त्याचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या गळ्यात बहुधा कुणीतरी फुलांची माळ घातलेली असते. जागा सुंदर आहे, जरूर पाहावी. पण कालाउपापात मेलेल्या जवळजवळ आठ हजारांपैकी हजार-बाराशेंच्याच कबरींवर आज नाव आहे, बाकीच्यांची जागाही सांगता येत नाही. त्यांच्या वारसांनी आणि वस्तीतल्या लोकांनी २००३ मध्ये ‘का ओहाना ओ कालाउपापा’ ही संस्था काढली, गेलेल्या प्रत्येकाचे नाव शोधून काढायचे काम ती करते, आणि ती नावे कोरलेले स्मारक त्या द्वीपकल्पावर उभारायला अमेरिकन काँग्रेसने २००९ मध्ये, डेमियनला संतपद मिळाले त्याच वर्षी, कायद्याने परवानगी दिली. मोलोकाईला जाण्याचा बेत करणाऱ्याने डेमियनचे चरित्र जरूर वाचावे, पण त्याआधी ऑलिव्हिया ब्रेथांचे पुस्तक मिळवून वाचावे. आणि मुंबईत राहणाऱ्याला तेवढ्या लांब जायचे नसेल तर वडाळ्याला ॲक्वर्थ रुग्णालय आहे, हार्बर लाइनने जाता येते.